बाइक इंजिनच्या किट कारला स्पीड सेन्सर: जागा, प्रकार, फट आणि हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिटनमध्ये सेव्हन (लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या स्पोर्ट्स कारच्या) धर्तीची किट कार, म्हणजे सुटे भाग जोडून स्वतः बांधायची गाडी, बांधली जाते आहे. इंजिन यामाहा आर-१ चे, १९९८ ते २००३ च्या पिढीतले. मागे फोर्ड सिएराचा ३.१४ रेशोचा डिफ (डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअर) आणि १८५/६० आर१३ टायर. सध्या बाइकचाच डॅश (वेग वगैरे दाखवणारा फलक) लावलेला आहे आणि तो जीपीएसच्या तुलनेत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने जास्त वेग दाखवतो. डॅश बदलून स्वतंत्र सेन्सर लावायचा आहे, तर तो कुठे बसवावा, कोणता घ्यावा आणि डॅशमध्ये कोणता आकडा भरावा?

आधी आकडा का फुगतो ते पाहू, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच धाग्याचा आहे. आर-१ चा मूळ सेन्सर क्रँककेसवर असतो आणि आतल्या गिअरचे दात मोजतो. त्याला चाक दिसत नाही, फक्त गिअरबॉक्स दिसतो. बाइकवर पुढे १६ आणि मागे ४३ दात, म्हणजे मागचे चाक एकदा फिरेपर्यंत आउटपुट शाफ्टचे २.६९ फेरे होतात. १९०/५० आर१७ टायरचा घेर कागदावर १९५३ मिमी येतो. त्यामुळे बाइक एक मीटर पुढे गेली की शाफ्टचे १.३८ फेरे. तुमच्या गाडीत एका चाकफेऱ्याला ३.१४ फेरे आणि घेर फक्त १७३५ मिमी, म्हणजे मीटरला १.८१ फेरे. १.८१ भागिले १.३८ केले की १.३१ च्या आसपास उत्तर येते. बाइकचे काटे मुळातच थोडे पुढे धावतात, ते मिळवले की तुम्हाला दिसते आहे तेच. सेन्सर चांगला आहे, डॅशचा हिशेब दुसऱ्या वाहनाचा आहे.

मूळ डॅश ठेवायचा असता तर मधे पल्स (सेन्सरचे विद्युत ठोके) कमी-जास्त करणारी डबी बसवून काम संपले असते. स्पीडोहीलर नावाने मिळते ती हेच करते. डॅश बदलणार असाल तरी आर-१ चा सेन्सर वापरता येतो. पण काही इंजिनांत ही सोय राहत नाही. सुझुकी हायाबुसाचा सेन्सर पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरवर असतो, आणि स्प्रॉकेट काढून प्रॉप शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याचा) अॅडॅप्टर बसवला की कव्हरही जाते, सेन्सरही जातो. शिवाय मूळ सेन्सरची वायर इसीयूकडेही (इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडे) जात असेल तर ती कापू नये, काही इसीयू लगेच फॉल्ट दाखवतात. हे सगळे धरून स्वतंत्र सेन्सर लावायचा तुमचा विचार योग्य आहे.

जागेच्या बाबतीत स्पष्ट मत देतो: डिफच्या नाकावर, जिथे प्रॉप शाफ्टचा फ्लँज बोल्टने जोडलेला आहे तिथे. चार बोल्ट आयतेच फिरत असतात, सेन्सर त्यांची डोकी मोजतो. वेगळी चकती नको, लोहचुंबक नको, वेल्डिंग नको.

पुढच्या चाकावर सेन्सर लावायचा मोह होतो, कारण मागची चाके घसरली तरी पुढचे चाक खरा वेग सांगते. ट्रॅकवरच्या गाडीला ते ठीक आहे. पण आयव्हीए तपासणीत (ब्रिटनमध्ये अशी गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी) स्पीडोमीटर रोलरवर तपासायची वेळ आली तर फिरतात मागची चाके. पुढची जागेवर उभी, डॅशवर शून्य. जीपीएस स्पीडोचीही तीच गत, गाडी हललीच नाही तर उपग्रहाला वेग कुठून कळणार. मागच्या एका चाकावर किंवा एका ड्राइव्हशाफ्टच्या बोल्टांवर सेन्सर लावला तर रोलरचा प्रश्न सुटतो, पण वळणावर आतले चाक हळू आणि बाहेरचे जोरात फिरते आणि आकडा डाव्या-उजव्या वळणाप्रमाणे बदलतो. डिफच्या अलीकडे, प्रॉपच्या बाजूला, दोन्ही चाकांची सरासरी मिळते. तिसरा फायदा पल्सच्या संख्येचा. एका चाकावर एकच चुंबक लावला तर ताशी १० किमीला सेकंदाला जेमतेम १.६ पल्स मिळतात आणि आकडा उड्या मारतो. प्रॉपच्या चार बोल्टांवरून त्याच वेगाला २० पल्स मिळतात.

प्रॉपवर चुंबक चिकटवणारे बरेच असतात, म्हणून त्याचा हिशेबच देतो. ताशी १६० किमीला तुमचा प्रॉप मिनिटाला सुमारे ४८०० फेरे घेतो. केंद्रापासून ५० मिमीवर चिकटवलेल्या ३ ग्रॅमच्या चुंबकाला बाहेर फेकणारा जोर तेव्हा जवळजवळ ४ किलो वजनाइतका असतो. वर डिफच्या तेलाचा ओशटपणा आणि उष्णता. इपॉक्सी कधी सोडेल याचा भरवसा नाही, आणि सेव्हनच्या बोगद्यात (दोन सीटमधल्या, प्रॉप झाकणाऱ्या पोकळीत) तो तुकडा चालकाच्या मांडीपासून वीतभर अंतरावर फिरत असतो. प्रॉपवर काहीही चिकटवू नका, वेल्ड तर मुळीच करू नका. त्याचे बॅलन्सिंग बिघडते.

आता सेन्सर. या कामाला कारखान्यातल्या मशीनवर लागतो तो इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे जवळ आलेला धातू न शिवता ओळखणारा, उत्तम. तीन वायरचा, १० ते ३० व्होल्ट डीसी, एम१२ बॉडी, फ्लश म्हणजे तोंडापर्यंत धातूची बाही असलेला, नॉर्मली ओपन (समोर धातू नसताना बंद), एनपीएन (सिग्नल ग्राउंडकडे ओढणारा), रेटेड अंतर, म्हणजे धातू ओळखायची कागदावरची हद्द, ४ मिमी. मागे एलईडी असलेलाच घ्या, तपासणीत त्याच्याइतका उपयोगी दुसरा भाग नाही. जागा अगदीच अडचणीची असेल तर एम८ चालतो, पण त्याचे रेटेड अंतर दीड-दोन मिमीच असते आणि फट सांभाळायला तो किचकट आहे.

लांबून पकडणारा, ८ मिमीचा नॉन-फ्लश सेन्सर घेतला तर काम सोपे होईल असे वाटते. होते उलटेच. बोल्टच्या डोक्यामागे ८-१० मिमीवर फ्लँजचे सपाट पोलाद असते, सेन्सरला तेच दिसत राहते आणि तो कायम 'चालू' राहतो. इथे जवळचेच पाहणारा डोळा हवा.

स्विचिंग फ्रिक्वेन्सी (सेन्सर सेकंदाला किती वेळा चालू-बंद होऊ शकतो) लेबलवर किंवा माहितीपत्रकात बघा. तुमच्या गाडीला ताशी १०० किमीला २०१ हर्ट्झ आणि २०० किमीला ४०२ हर्ट्झ लागतात. स्वस्त सेन्सर ५०० हर्ट्झचेही असतात, आणि तो आकडा लक्ष्य व मोकळी जागा यांच्या ठरावीक प्रमाणात मोजलेला असतो. बोल्टची डोकी त्या प्रमाणात नसतात, म्हणून १ किलोहर्ट्झ किंवा वरचा घ्या. तापमानाची मर्यादा साधारण ७० अंश असते. डिफच्या नाकाशी ती बहुधा पाळली जाते, पण ब्रेक डिस्कजवळ किंवा एक्झॉस्टशेजारी हा सेन्सर टिकत नाही.

बोल्ट पोलादाचे ठेवा. रेटेड अंतर साध्या पोलादासाठी दिलेले असते. स्टेनलेसला ते सुमारे ७० टक्के, अॅल्युमिनियमला ३५-४० टक्क्यांवर येते. दिसायला छान म्हणून एखाद्याने एकच बोल्ट स्टेनलेसचा बदलला, की चारातला एक पल्स कधी येतो, कधी येत नाही.

दोन वायरचा जुना एबीएस सेन्सर घरात पडलेला असतो, तो वापरू का, हेही विचारले जाते. त्याला वीज लागत नाही, तो स्वतःच व्होल्टेज तयार करतो, पण वेग कमी झाला की व्होल्टेजही मरते. सिग्नल चौकोनी करणारे वेगळे सर्किट नसेल तर बहुतेक डॅशना तो वाचताच येत नाही. तीन वायरचा गिअरटूथ हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारा) मात्र चांगला असतो. मागे बसवलेल्या चुंबकाच्या जोरावर तो पोलादी दात ओळखतो आणि जास्त उष्णता सहन करतो. किंमत जास्त, आणि फट साधारण एक मिमीच्या आसपास राखावी लागते.

सेन्सर बसवायची दिशा हा असा मुद्दा आहे की ज्यात बरीच कामे बिघडतात. सेन्सरचे तोंड बोल्टच्या डोक्यासमोर, प्रॉपला समांतर ठेवता येते. नाहीतर बाजूने, प्रॉपच्या मध्याकडे रोखून. षटकोनी डोके असेल तर समोरूनच ठेवा. एम१० च्या १७ मिमी डोक्याचे कोन मोजले तर १९.६ मिमी भरतात. बाजूने पाहणाऱ्या सेन्सरला एका बोल्टची सपाट कड दिसते, दुसऱ्याचा कोन, आणि बोल्ट कसे कसले गेले त्यावर फट १.३ मिमीने इकडेतिकडे होते. गोल डोक्याचे अॅलन बोल्ट असतील तर बाजूने पाहणे चालते. अॅलन बोल्टला समोरून पाहायचे तर एक मेख लक्षात ठेवा: एम८ अॅलनचे डोके १३ मिमी आणि त्यात ६ मिमीचे भोक. एम८ सेन्सर त्या भोकावर क्षणभर 'बंद' होऊ शकतो, मग एका बोल्टचे दोन पल्स मोजले जातात. एम१२ सेन्सरचे तोंड मोठे असल्याने त्याला भोक सहसा जाणवत नाही. एम८ च असेल तर त्याला डोक्याच्या मध्यावर न ठेवता कडेकडे सरकवा. बोल्टऐवजी नटची बाजू वाचणार असाल तर नटबाहेर आलेले आटे चारही ठिकाणी सारखे हवेत.

ब्रॅकेट डिफच्या बॉडीवरूनच काढा, चासीवरून नको. डिफ रबर बुशवर असेल तर क्लच सोडताना तो नाक वर करतो, आणि चासीवरच्या सेन्सरची फट त्या क्षणी दुप्पट होते किंवा संपते. संपली तर बोल्टचे डोके सेन्सरचे तोंड कापून नेते. डिफच्या पुढच्या अंगाला असलेला एखादा बोल्ट धरून ३ मिमी पोलादी पट्टीचा एल करा. अॅल्युमिनियम वापरायचे तर ५ मिमी. लोंबता भाग ५० मिमीच्या आत ठेवा, त्याहून लांब असेल तर कोपऱ्यात त्रिकोणी तुकडा वेल्ड करा. बाइकचे इंजिन १०,००० फेऱ्यांना थरथरते तेव्हा पातळ पट्टी गिटारच्या तारेसारखी हलते आणि डॅशवर नेमक्या त्याच फेऱ्यांना वेग गायब होतो. ज्या बोल्टवर ब्रॅकेट धरता तो पट्टीच्या जाडीइतका लांब घ्या. डिफचा मूळ बोल्ट तीन मिमी कमी आट्यांवर सोडू नका.

सेन्सरचे आटे बारीक पिचचे असतात: एम१२ ला १ मिमी, एम८ लाही १ मिमी. साध्या एम१२ टॅपने पट्टीत आटे पाडले तर सेन्सर जाणार नाही आणि जोर केला तर त्याचेच आटे जातील. त्यापेक्षा १२.२ मिमी भोक पाडा आणि सोबत येणारे दोन पातळ नट दोन्ही बाजूंनी लावा. भोकाऐवजी ८-१० मिमी लांबीची खाच केली तर सेन्सर आडवा सरकवून नेम धरता येतो. नट जपून कसा, बॉडीच्या आत नाजूक कॉइल आणि राळ आहे. थ्रेडलॉकचा एक थेंब पुरतो.

४ मिमीच्या सेन्सरला फट १.५ ते २ मिमी ठेवा. कागदावरचे ४ मिमी ही प्रयोगशाळेतली हद्द आहे. तापमान आणि नगानगातला फरक धरला तर भरवशाचे अंतर त्याच्या ८० टक्के, आणि बोल्टचे डोके प्रमाण लक्ष्यापेक्षा वेगळे, म्हणून निम्म्यावर थांबावे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून प्रॉप हाताने फिरवा आणि चारही डोक्यांशी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. एक डोके ०.५ मिमी उंच असेल तर फट त्या उंच डोक्यापासून मोजा. मग इग्निशन चालू करून एलईडी पाहा: प्रत्येक डोक्यावर पेटला पाहिजे आणि मधल्या मोकळ्या जागेत पूर्ण विझला पाहिजे. अर्धवट मिणमिणत असेल तर फट चुकली आहे.

वायरिंगचे रंग ठरलेले असतात. तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल. तपकिरीला इग्निशननंतरचा १२ व्होल्ट, १ किंवा २ अँपिअरच्या फ्यूजमधून. निळी चासीला कुठेतरी खुपसू नका, डॅशच्या ग्राउंडशीच जोडा. एनपीएन सेन्सर सिग्नल ग्राउंडकडे ओढतो. तो परत वर न्यायला पुल-अप रेझिस्टर लागतो. बऱ्याच डॅशमध्ये तो आतच असतो. नसेल तर सिग्नल आणि डॅशचा ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा लावा. डॅश ५ व्होल्टचा आणि सेन्सर पीएनपी (सिग्नल प्लसकडे नेणारा) असेल तर काळ्या वायरीवर थेट १२ व्होल्ट येतो आणि डॅशचे इनपुट जळू शकते. काही एनपीएन सेन्सरमध्ये आतूनच प्लसला रेझिस्टर जोडलेला असतो, म्हणून डॅशला जोडण्याआधी काळी वायर मोकळी ठेवून मल्टीमीटरने मोजा. लक्ष्य समोर नसताना तिथे १२ व्होल्ट दिसला तर डॅशला तो चालतो का हे डॅशच्या पुस्तिकेत बघूनच पुढे जा.

केबल तीन कोअरची शिल्डेड घ्या. शिल्ड फक्त डॅशच्या टोकाला ग्राउंड करा, सेन्सरकडचे टोक कापून स्लीव्हमध्ये बंद करा. बोगद्यातून नेताना इग्निशन कॉइलच्या आणि अल्टरनेटर ते रेग्युलेटरच्या जाड वायरींपासून निदान १० सेंमी दूर ठेवा. ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडा.

आता डॅशमधला आकडा. टायरचा छापील घेर भरू नका, भार पडला की तो दोन-तीन टक्क्यांनी कमी भरतो. हवा ठरलेल्या दाबावर, चालक सीटवर, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण. गाडी सरळ ढकलत चाकाचे १० फेरे करा, अंतर टेपने मोजा, दहाने भागा. समजा १६.९० मीटर आले तर घेर १६९० मिमी. एका चाकफेऱ्याला पल्स ४ गुणिले ३.१४, म्हणजे १२.५६. डॅशला फक्त पूर्णांक चालत असेल तर १३ भरा आणि घेर त्याच प्रमाणात वाढवा: १६९० गुणिले १३ भागिले १२.५६, म्हणजे १७४९. किलोमीटरला पल्स मागणाऱ्या डॅशमध्ये १२.५६ भागिले १.६९० गुणिले १०००, म्हणजे ७४३२. मैलाला मागत असेल तर ११,९६०.

रेशो खरोखर ३.१४ आहे का तेही आत्ताच बघून घ्या. सिएराचे डिफ ३.१४, ३.३८, ३.६२, ३.९२ अशा रेशोंत येतात आणि भंगारातून आणलेल्या डिफवरच्या पट्टीवर विसंबू नये. मागची दोन्ही चाके जॅकवर उचलून स्टँड लावा, दोन्ही चाके मिळून एकसारखी एक फेरा फिरवा, प्रॉपचे तीन फेरे आणि वर थोडेसे झाले पाहिजेत. एकच चाक फिरवले आणि दुसरे स्थिर राहिले तर साध्या डिफमध्ये प्रॉप निम्माच फिरतो, दीड फेऱ्याच्या जरा पुढे. हे विसरल्याने पल्सची संख्या निम्मी भरली जाते आणि डॅश दुप्पट वेग दाखवतो.

मग रस्त्यावर, सपाट सरळ पट्ट्यावर, ताशी ५०, ८० आणि १०० किमीला वेग स्थिर धरून सोबत्याला जीपीएसचा आकडा लिहायला सांगा. नवा घेर म्हणजे जुना घेर गुणिले जीपीएसचा वेग भागिले डॅशचा वेग. किलोमीटरला पल्स भरत असाल तर अपूर्णांक उलटा करा. तिन्ही वेगांना टक्केवारी सारखीच चुकायला हवी. वेगाप्रमाणे चूक बदलत असेल तर पल्स गळताहेत, आकडे बदलून उपयोग नाही.

शेवटी डॅशचा वेग तीन टक्के मुद्दाम वर ठेवा. २००९ पासून ब्रिटनमध्ये अशा गाड्यांना आयव्हीए लागू आहे, आणि तिथला नियम एकतर्फी आहे. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये. जास्त दाखवण्याची मुभा मात्र आहे, खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ६.२५ मैल. म्हणजे खरा वेग ३० मैल असताना ३९.२५ पर्यंत आणि ७० ला ८३.२५ पर्यंत चालते. अचूक शून्यावर लावलेला काटा टायर बदलला की नियमाबाहेर जातो: नव्या टायरला ८ मिमी नक्षी, झिजलेल्याला १.६, त्रिज्येत ६.४ मिमीचा आणि घेरात दोन टक्क्यांहून जास्त फरक. जुन्या टायरवर बरोबर लावून नवे टायर चढवले की डॅश कमी दाखवू लागतो. डॅशचे एकक मैलावर ठेवायचेही विसरू नका.

बिघाड ओळखायचा तर आकड्याकडेच बघा. वेग बरोबर पाऊणपट दिसत असेल तर चारातला एक बोल्ट सुटतो आहे, बसलेले डोके शोधा. बरोबर दुप्पट असेल तर अॅलनचे भोक मोजले जाते आहे किंवा पल्स निम्मे भरले आहेत. गाडी उभी असताना रेस केल्यावर वेग दिसत असेल तर तो इग्निशनमुळे वायरीत शिरलेला खोटा सिग्नल आहे. शिल्ड, ग्राउंड आणि केबलची वाट तपासा, आणि रेझिस्टर प्लग नसतील तर ते बसवा. एलईडी नीट लुकलुकतो पण डॅशवर शून्य, म्हणजे एनपीएन-पीएनपीची गल्लत किंवा पुल-अप नाही. गाडी थांबल्यावर कधीकधीच आकडा थरथरत असेल तर बोल्टची कड नेमकी सेन्सरच्या हद्दीवर येऊन थांबली आहे. फट पाव मिमीने कमी करा. स्थिर वेगातही आकडा डुलत असेल तर फ्लँजवरच्या चार भोकांची मांडणी चौरस आहे की आयताकृती ते मोजा. आयताकृती असेल तर पल्समधले अंतर आलटूनपालटून कमी-जास्त येते, आणि त्यावर डॅशमधले फिल्टर वाढवणे हाच उपाय.

पुण्या-मुंबईतल्या कॉलेजांच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेस कारची स्पर्धा) टीमना यातले बरेचसे जसेच्या तसे लागू आहे. त्यांच्यापैकी अनेक गाड्यांत चाकणला बनणारे केटीएम ३९० चे इंजिन असते. त्या बाइकचा वेग एबीएसच्या चाकावरच्या सेन्सरवरून येतो, आणि चाकेच बदलल्यावर तो सिग्नल उरत नाही. तिथे प्रॉप नसून चेन असते, म्हणून मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट मोजा. स्प्रॉकेट डिफच्या कॅरिअरवर असल्याने एका फेऱ्याला जितके बोल्ट तितकेच पल्स, रेशोने गुणायचे नाही. ब्रॅकेट मात्र डिफच्या आधारपट्टीवर घ्या, कारण चेन ताणताना डिफ मागे सरकतो आणि सेन्सरनेही त्याच्यासोबत सरकायला हवे. एम१२ चा सेन्सर लोहार चाळीत, लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत सहज मिळतो. दुकानात 'फ्लश, एनपीएन, एनओ, चार एमएम' एवढे सांगितले की पुरते, फक्त एलईडी पेटवून दाखवायला सांगा, आणि दोन नग घ्या.